१६ स्टेपच्या सिक्वेन्सरवर ४८ सेकंदांचं आवर्तन कसं बसवायचं

नाशिक ढोलाचा ठेका सिक्वेन्सरवर (ठोके स्टेप नावाच्या घरांत भरून ते क्रमाने वाजवणाऱ्या यंत्रावर) चटकन बसतो: ४ मात्रांच्या १६ स्टेप, ढोल एका ट्रॅकवर, ताशा दुसऱ्यावर. अडतं ते पुढे. ताशाचा रोल हवा तितका दाट होत नाही. किंवा कालिदास कलामंदिरात ऐकलेला विलंबित एकताल रियाजाला लावायचा असतो, पण मशीन ३० बीपीएमच्या (मिनिटाला ३० बीटच्या) खाली उतरत नाही आणि स्टेप ६४ वर संपतात. दोन्हीचं मूळ एकच आहे. एका स्टेपला किती वेळ द्यायचा, हे मशीनवर सोडू नका.

आधी कागदावर हिशोब मांडा. ६०,००० ला बीपीएमने भागा, मग एका बीटमध्ये जितक्या स्टेप तितक्याने भागा. उत्तर मिलिसेकंदांत येतं. ६० बीपीएमला, बीटमागे ४ स्टेप धरल्या तर एक स्टेप २५० मिलिसेकंदांची.

आता १५ मात्रा प्रतिमिनिट लयीचा, १२ मात्रांचा एकताल घ्या. एक मात्रा ४ सेकंदांची, आवर्तन ४८ सेकंदांचं. २५० मिलिसेकंदांच्या स्टेपने १९२ स्टेप लागतील, तेवढ्या नाहीत. म्हणून बीपीएम ६० वरच ठेवा आणि ट्रॅकचा वेग १/४ करा. स्टेप १ सेकंदाची होते, मात्रेला ४ स्टेप, एकूण ४८. ट्रॅकची लांबी ६४ वरून ४८ वर आणायला विसरू नका, नाहीतर समेआधी (पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेआधी) १६ सेकंद रिकामे जातील.

मात्रांची सुरुवात १, ५, ९, १३ अशा स्टेपवर येते. तिसऱ्या मात्रेचा ‘धागे’ असा ठेवा: धा ९ वर, गे ११ वर. चौथ्या मात्रेचं ‘तिरकिट’ १३ ते १६, दहाव्या मात्रेचं ३७ ते ४०. मशीन १६ स्टेपचंच असेल तर तीन पॅटर्न साखळीत लावा. दहावी मात्रा तिसऱ्या पॅटर्नच्या ५ व्या स्टेपवर येईल. मधली भरणी रॅचेटने (एकाच स्टेपमध्ये अनेक ठोके वाजवायच्या सोयीने) करा: १ सेकंदाच्या स्टेपचे ४ भाग केले की ठोका परत २५० मिलिसेकंदांवर येतो. बोल किंचित मागे-पुढे हवा असेल तर मायक्रोटायमिंग (स्टेप जागेवरून जरा सरकवायची सोय) वापरा. ठेक्यात जीव त्यानेच येतो, त्यावर वेळ घालवाच.

ट्रॅकचा वेग बदलायची सोय नसेल तर बाहेरून क्लॉक (मशीनला चाल देणारे ठोके) द्या. मिडी क्लॉकमध्ये बीटमागे २४ ठोके असतात. क्लॉक डिव्हायडरने चारातला एकच पुढे सोडला की मशीन पाव वेगाने चालतं.

ताशासाठी उलट वाट. १४० बीपीएमला नेहमीची स्टेप सुमारे १०७ मिलिसेकंदांची, रोलला ती मोठी पडते. फक्त ताशाचा ट्रॅक दुप्पट वेगावर न्या, म्हणजे स्टेप ५४ च्या आसपास येते. त्या ट्रॅकची लांबी निम्मी भरते, म्हणून ढोलाच्या १६ स्टेपला ताशाच्या ३२ द्या. सगळ्या मशीनचा बीपीएम दुप्पट करू नका. टेम्पोशी बांधलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) त्याने निम्मा होतो आणि आवाज कोंदट वाटतो.

लांबी वाढवायचा स्वस्त मार्गही आहे. ट्रिग कंडिशनमध्ये (स्टेप कोणत्या फेरीत वाजावी ते ठरवणाऱ्या सोयीत) ‘४ पैकी १’ निवडलं की त्या स्टेपवरची उठाण चार फेऱ्यांतून एकदाच वाजते. ढोल १६ आणि झांज १२ स्टेपची ठेवली तर दोघांची सम ४८ स्टेपनंतर जुळते. मात्र मास्टर लेंथ (जिथे सगळे ट्रॅक पुन्हा पहिल्या स्टेपवर येतात ती लांबी) १६ असेल तर झांज दर वेळी मध्येच कापली जाते. ती ४८ किंवा अमर्याद ठेवा.

स्विंगकडेही लक्ष द्या. तो दर दुसऱ्या स्टेपला ढकलतो, त्यामुळे संथ ट्रॅकवर मात्रेतली दुसरी आणि चौथी स्टेप घसरते. तिथे तो बंद ठेवा.

पॅटर्न बदलताना तानपुऱ्याचा सूर अडकून राहिला, तर नोट पॅटर्नच्या सीमेपलीकडे गेलेली आहे आणि नोट-ऑफ (सूर थांबवणारा संदेश) हरवला आहे. शेवटच्या स्टेपआधी नोट संपवा. विभागलेल्या क्लॉकवर सम एक-दोन ठोके सरकली असेल तर बीपीएमशी झगडू नका. मास्टर (क्लॉक देणारं यंत्र) थांबवा, डिव्हायडर रीसेट करा, आणि मगच स्टार्ट द्या.