अमृतांजन पूल गेला, आता सावरायचं कसं

मी मूळचा लोणावळ्याचा, आता चिंचवडला असतो. ५ एप्रिल २०२०, रविवार, कडक लॉकडाऊन. चुलतभावाने ग्रुपवर व्हिडिओ टाकला, धाडकन आवाज, धुरळा आणि मुंबई-पुणे रस्त्यावरच्या बोरघाटातला अमृतांजन पूल खाली. १८३० सालचा पूल, एकशे नव्वद वर्षं उभा होता आणि तो पडताना आपल्याला दाराबाहेर पाय टाकायची परवानगी नव्हती. मी दोन दिवस तोंड पाडून बसलो तर बायको म्हणाली, अरे पूलच आहे ना. तर तुमच्या गावचं थिएटर, जुना स्टँड, चौकातला वड, जे काय गेलं असेल त्यासाठी मी काय काय करून बघितलं ते लिहितोय, काही जमलं, काही पार फसलं.

आधी नक्की काय गेलंय ते शोधा. खोटं कशाला बोलू, त्या पुलावर मी आयुष्यात एकदाही चाललो नाहीये. पण लहानपणी मुंबईहून मामाकडून येताना लाल डब्यात घाट सुरू झाला की मला मळमळायचं, मग आई पर्समधून लिंबू काढून नाकाशी धरायची आणि म्हणायची, दम धर, अमृतांजन आलं की संपलाच घाट. पुलावर बामची जाहिरात असायची म्हणून ते नाव पडलं, मला मात्र कित्येक वर्षं वाटायचं की बस लागणाऱ्यांसाठीच ती पाटी लावलीय. म्हणजे मला सवय होती ती त्या 'संपलाच घाट'ची, पूल आपला त्याचा टायमर. तुम्ही पण कागद घ्या आणि गेलेल्या वस्तूचं तुमच्याकडे काय काम असायचं ते लिहा. थिएटर असेल तर बहुतेक तिकिटाच्या लायनीतला एखादा मित्र निघतो, पिक्चर कुठला होता ते आठवत पण नाही.

मग ते का पाडलं ते नीट वाचा, पण लगेच नको, आठवडाभराने. पुलाचे खांब एक्सप्रेसवेच्या मध्ये यायचे, रस्ता तिथे चिंचोळा व्हायचा, त्यात तीव्र उतार आणि वळण, त्यामुळे शनिवार-रविवारी जाम आणि एरवी अपघात. लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा मिळाला तेव्हा स्फोट करून उरकून घेतलं. हे वाचलं की राग अर्धा होतो. उरलेला अर्धा राहू दे. फक्त ग्रुपवर 'हेरिटेज का ट्रॅफिक' असला वाद घालू नका. मी घातला, तावातावाने, आणि ज्या काकांशी भांडलो त्यांचा सख्खा भाऊ त्याच उतारावर अपघातात गेलेला हे मला नंतर कळलं. मेसेज डिलीट केले पण तोवर निळ्या टिका आलेल्या.

निरोप द्यायचा चान्स असेल तर हाफ डे टाका आणि जाच. मुंबईची डबलडेकर १९३७ पासून होती, १५ सप्टेंबर २०२३ ला जुन्यातली शेवटची बस सुटली तेव्हा लोकांनी ती सजवून, फोटोबिटो काढून पाठवली. आम्हाला तसं काही मिळालं नाही. पण पूल पडला त्याच रात्री नऊ वाजता देशभर सगळ्यांनी दिवे लावले होते, आठवतंय ना, तेव्हा आमच्या खंडाळ्याच्या आत्याने गॅलरीत दोन पणत्या लावल्या, एक सगळ्यांची आणि एक पुलाची म्हणाली. मी फोनवर हसलो. तिने नंतर तो विषय कधी काढला नाही आणि मी पुढची दोन वर्षं कुरकुरत होतो, तेव्हा कोण शहाणं ते तुम्हीच ठरवा. मी शेवटी एका पावसाळ्यात राजमाची पॉइंटला जाऊन घाटाकडे तोंड करून कांदाभजी खाल्ली, तेवढ्याने पण बरंच काम झालं.

फोटो जमवा पण लिमिटमध्ये. मी शंभर-एक जमवले, सगळे सारखेच, उघडतो मात्र एकच, बसच्या खिडकीतून काढलेला, हललेला, अर्धी जाहिरात आणि आत्याचं कोपर.

नाव मुद्दाम वापरत रहा. ट्रॅफिकच्या बातम्यांत अजून 'अमृतांजन पुलाजवळ कोंडी' असंच येतं, म्हणजे डोकेदुखी राहिली, बाम तेवढा गेला.

आणि त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका, हे सगळ्यात कामाचं. माझ्या मुलीलाही घाट लागतो, घराण्याचं देणं. तिला मी सांगतो, खंडाळ्याची पाटी दिसली की संपलाच घाट, आणि ती आलेपाकाची वडी गालात धरून पाटी शोधत बसते. मागच्या महिन्यात येताना ती झोपली होती, बायको पण पेंगत होती, मध्येच डोळे उघडून म्हणाली, अमृतांजन गेलं का रे? म्हटलं हो, मघाशीच.