शेतावरच्या कुत्र्याचं नाव ठेवताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांची मुरबाड, शहापूर, बदलापूर नाहीतर पनवेल-कर्जतच्या बाजूला एखादी जागा असते. कुणाची वडिलोपार्जित भातशेती, कुणी अलीकडे घेतलेला एकर-दीड एकराचा तुकडा. त्यावर आंब्याची कलमं, चार शेळ्या, कोंबड्या आणि राखणीला एक कुत्रा. कुत्र्याचं नाव ठरतं शहरातल्या घरी, फॅमिली ग्रुपवर मतं मागवून. आणि हाक कोण मारतं? शेतावर बारा महिने राहणारा गडी, त्याची बायको, त्यांची पोरं. मालक शनिवारी येतो, रविवारी जातो. नावाच्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

भाकरी टाकणाऱ्याच्या जिभेवर न बसणारं नाव

शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवर पिल्लाचं नाव ठेवलं होतं मॅक्सिमस. गडी त्याला 'मॅक्श्या' म्हणायचा, त्याची बायको 'माशा', त्यांचं धाकटं पोर 'मशी', आणि शेजारच्या शेतातले म्हातारबाबा सरळ 'ए कुत्र्या'. पिल्लू चांगलं चार महिन्यांचं झालं तरी यातल्या कशालाच मान वर करत नव्हतं. ते धावत यायचं एकाच आवाजाला, जर्मनच्या थाळीवर उलथनं आपटल्याच्या. त्याच्या दृष्टीने त्याचं नाव तेच होतं. मालकांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "शेठ, त्या नावाला जीभ वळत नाय ओ. काय तरी सुटसुटीत ठेवा ना." मग त्यांनीच त्याला भुऱ्या म्हणायला सुरुवात केली. काही दिवसांत पिल्लू थाळीशिवाय यायला लागलं.

म्हणून नाव पक्कं करण्याआधी एक करा. मनात असलेली दोन-तीन नावं घेऊन शेतावर जा आणि गड्याला, त्याच्या बायकोला, बोबडं बोलणाऱ्या पोरालाही ती मोठ्याने हाकारायला लावा. तिघांच्या तोंडून जे सारखंच बाहेर पडेल ते नाव. इन्स्टाग्रामवर फोटोखाली काय छान दिसेल हा विचार घरातल्या कुत्र्यासाठी ठीक आहे, तिथे हाक मारणारे आणि फोटो टाकणारे एकच असतात.

बांधापर्यंत न पोचणारं नाव

फ्लॅटमध्ये कुत्रा फार तर बेडरूममधून हॉलमध्ये यायचा असतो. शेतावर तो तीन बांध पलीकडे, उंदराच्या बिळात तोंड घालून बसलेला असतो. मध्ये पंप चालू असतो, पॉवर टिलर फिरत असतो, आणि जुलैत आवणीच्या दिवसांत पत्र्यावर पाऊस असा वाजतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की आजूबाजूच्या बोलण्याचा आवाज नावाइतकाच मोठा असला तरी कुत्री आपलं नाव ओळखतात, पण गोंगाट नावाच्या वर गेला की ओळख सुटते. शेतावर गोंगाट वर जाण्याचे प्रसंग रोजचे. तेव्हा नाव असं हवं की ते गोंगाटावर चढवता येईल.

चढवता येणं म्हणजे शेवटचा स्वर लांबवता येणं. 'रेक्स', 'प्रिन्स', 'मॅक्स' यांच्या शेवटी नुसता 'स्स' उरतो आणि तो वाऱ्यावर जातो. 'टॉम', 'सॅम' म्हणताना शेवटी तोंडच मिटतं, मिटलेल्या तोंडाने लांब हाक कशी जाणार? याउलट 'शेरा', 'वाघ्या', 'खंड्या', 'राणी', 'चंपा' ही नावं पाहिजे तेवढी ओढता येतात. गावाकडे हे कुणी शिकवावं लागलेलं नाही. अंगणात 'मोती' असलेला कुत्रा बांधावरून हाक मारताना आपोआप 'मोत्याऽऽ' होतो, कारण 'ई'पेक्षा 'आ'ला तोंड मोठं उघडतं. दोन अक्षरी नाव, दुसरं अक्षर आकारान्त किंवा ओकारान्त, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. खात्री करायची तर पंप चालू ठेवून शेताच्या लांबच्या कोपऱ्यात स्वतः उभे राहा आणि दुसऱ्याला घरापाशी उभं करून हाक मारायला सांगा. आपल्याला अगदी स्पष्ट ऐकू आलं तरच नाव पास. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असले तरी गोंगाटातून नाव वेगळं काढणं त्यालाही जड जातं.

हाड, छू आणि यू-यू

शहरातली पुस्तकं नि व्हिडिओ सांगतात की नाव 'सिट', 'स्टे', 'नो' यांसारखं वाजू नये. बरोबर आहे. 'जो' आणि 'बो' ही नावं 'नो'च्या फार जवळ जातात. पण शेतावर 'सिट' कोण म्हणतं? तिथली भाषा वेगळी. हाकलायचं तर 'हाड', अंगावर सोडायचं तर 'छू', बोलवायचं तर 'यू-यू', शिवाय 'बस', 'थांब', 'सोड', 'चल', 'नको'. नाव या शब्दांशी ताडून पाहा.

सगळ्यात वाईट अडकतात ती 'छ'ची नावं. छोटू, छकुली, छबी. रानडुक्कर भातात शिरलं की गडी कुत्र्याला छू म्हणून पुढे सोडतो, आणि त्या शब्दाला कुत्रा असा पेटतो की मग पुढचं काही ऐकत नाही. त्याच कुत्र्याला पाहुण्यांसमोर कुणी "छोऽऽटू" म्हणून लाडाने हाक मारली, तर तो पाहुण्यांकडे कसा बघेल याचा विचार करा. माणूस 'छ' म्हणून क्षणभर थांबला तरी कुत्र्याने पुढचं स्वतः ठरवलेलं असतं. 'हाड'शी गल्लत होणारी 'हंटर', 'हार्डी' ही नावं त्या मानाने कमी धोक्याची, पण त्या नावाचा कुत्रा हाकेला दोन पावलं मागे सरताना दिसला तर कारण दूर शोधू नका. 'बस' आणि 'बसंती' तर उघडच आहे. 'या'ने संपणाऱ्या नावाची 'ये'शी गल्लत होते असंही काही जण सांगतात. मला त्यात फारसा दम वाटत नाही. वाघ्या काय आणि वाघ्या-ये काय, शेवटी त्याने यायचंच असतं.

वाघ म्हटल्यावर वाडीत काय होतं

हे येऊरपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं. आपल्याकडच्या पाड्यांवर बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात, वारली वस्त्यांमध्ये वाघोबाला पूजतात. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, आणि तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्री बऱ्याच प्रमाणात असतात हे वन्यजीव अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. अशा ठिकाणी तिन्हीसांजेला कुणी "वाघ! वाघ!" ओरडलं तर माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन धावत येतात. दोनदा धावत आली आणि निघाला कुत्रा, तर तिसऱ्या वेळी येणार नाहीत, आणि तिसऱ्या वेळी खरंच बिबट्या असू शकतो. 'टायगर'चंही तेच.

'वाघ्या' हे नाव त्याने बाद होत नाही. खंडोबाच्या भक्तालाही वाघ्या म्हणतात आणि कुत्रा हा खंडोबाचा सोबती, त्यामुळे आगरी-कोळी घरांतही हे नाव आपुलकीने घेतलं जातं. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून वाद झडत असले तरी शेतावरचे वाघ्या कमी झालेले नाहीत. नियम एवढाच की हाक पूर्ण मारायची, 'वाघ' असं तोडायचं नाही. किंवा सरळ 'खंड्या' ठेवा. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचं नाव खंड्या होतं असं सांगतात आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. जुनं, मराठी आणि हाकेला उत्तम नाव.

बिबट्याच्या भागात नावाला आणखी एक काम असतं. अंधार पडायच्या आत कुत्रा घराजवळ, शक्यतो बंद जागेत आला पाहिजे, आणि तो पहिल्या-दुसऱ्या हाकेला आला पाहिजे. वासिंद-आसनगाव-आटगाव पट्ट्यात ज्यांची शेतं रेल्वे लायनीला लागून आहेत त्यांनाही हे वेगळं सांगायला नको.

माणसांची नावं, बैलांची नावं, मोतीची गर्दी

बाबू, पिंट्या, बंड्या, सोन्या ही वाडीवरच्या खऱ्या पोरांची नावं असतात. पोराच्या आईसमोर "बंड्या, हाड!" म्हणून बघा, संबंध कायमचे बिघडतील. 'दादा', 'भाई', 'शेठ' असली गमतीची नावं शहरात खपतात, गावात नाही, कारण गडी तुम्हालाच शेठ म्हणत असतो. पुढाऱ्याचं नाव नको, जातीवरून किंवा धर्मावरून कुणाला लागेल असं नको, देवाचं सरळ नावही नको. त्या नावाने कधीतरी शिवी घातली जाणारच आहे. गोठ्यात सर्जा-राजा असतील तर कुत्रा राजा नको, कारण औताला बैल हाकताना कुत्रा पायात येतो.

आणि मोती! सुंदर नाव आहे, पण आधी आजूबाजूला चौकशी करा. एका हाकेला तीन मोती आले तर भाकरी तुमची आणि राखण शेजाऱ्याची. काळ्या आणि तांबड्याचंही तसंच.

नाव चांगलं आहे, पण कुत्रा ढिम्म हलत नाही

इथे बहुतेक वेळा दोष नावाचा नसतो, त्या नावाने आजवर काय काय झालं त्याचा असतो. हाक मारली आणि साखळीला बांधलं. हाक मारली आणि गोचीड काढायला बसवलं. हाक मारली आणि कोंबडी पकडली म्हणून काठी घातली. महिनाभर असं चाललं की कुत्रा नाव ऐकून आधी तुमच्या हाताकडे बघतो आणि मग बांधापलीकडे निघून जातो. गोचीड काढायची असेल, बांधायचं असेल, औषध पाजायचं असेल तर उठून त्याच्याजवळ जा, नावाने बोलवू नका. रागवायचं असेल तर 'नको' म्हणा, नाव घेऊ नका.

दुसरी सवय नाव उगाच दहादा घेण्याची. शनिवारी मालक आले की पोरंटोरं दिवसभर "शेरा, शेरा, शेरा" करत राहतात, त्यानंतर काहीच घडत नाही, आणि शेरा त्या आवाजाकडे पंख्याच्या घरघरीइतकंच लक्ष देतो.

हे दुरुस्त करायला गड्याचीच मदत लागेल. रोजची भाकरी बक्षीस म्हणून चालत नाही, ती तशीही मिळणारच असते. उकडलेल्या अंड्याचे किंवा कलेजीचे बारीक तुकडे खिशात ठेवायला सांगा. कुत्रा दोन पावलांवर असताना नाव एकदाच, आनंदी आवाजात घ्यायचं. त्याने वळून पाहिलं की लगेच तुकडा. नाही पाहिलं तर पुन्हा नाव घ्यायचं नाही, थोडं सरकून, मांडीवर हात आपटून लक्ष वेधायचं आणि पाहिलं की तुकडा. अंगणात जमलं की बांधावर, बांधावर जमलं की शेळ्या चरत असताना. घाई करून थेट शेळ्यांपाशी गेलात तर शेळ्याच जिंकतील. जमायला लागल्यावर तुकडा कधी द्यायचा, कधी नुसती पाठ थोपटायची, पण हाकेला आल्यावर हाती काही लागलंच नाही असं सुरुवातीला होऊ द्यायचं नाही.

एवढं करूनही मान वळत नसेल तर कान तपासा. पाठीमागून, हवा लागणार नाही अशा अंतरावरून टाळी वाजवा. पावसाळ्यात कानात पू होणं, गोचीड आत शिरणं नेहमीचं आहे, आणि अंग जवळजवळ पूर्ण पांढरं असलेल्या कुत्र्यांमध्ये जन्मजात बहिरेपणा तुलनेने जास्त आढळतो. बहिऱ्या कुत्र्याला हाताची खूण आणि रात्री बॅटरीची उघडझाप शिकवता येते.

नाव बदलायचं असेल तर

मोठ्या कुत्र्याचं नाव बदलता येतं, त्यात अशुभ वगैरे काही नाही. धनगरांकडून आणलेला किंवा आधीच्या मालकाने सोडून दिलेला कुत्रा जुन्या नावाला मार खाऊन बिचकलेला असेल तर बदललेलंच बरं. जुन्या नावाला तो दचकत नसेल तर नवं नाव आधी आणि जुनं लगेच त्याच्यामागे घ्या: "शेरा, टॉमी", आणि तुकडा द्या. काही दिवसांनी मागचं नाव गाळा. क्रम उलटा केलात तर तो पहिल्याच नावाला येईल आणि नवं कधी ऐकणारच नाही. दचकत असेल तर जुनं नाव तोंडातच आणू नका, नव्यापासून कोरी सुरुवात करा.

दोन कुत्री असतील तर त्यांची नावं पहिल्या अक्षरापासून वेगळी ठेवा. राजा आणि राणी फोटोत शोभतात, पण तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून गडी फोनवर "राणीला दिलं इंजेक्शन" म्हणतो, रेंज जात-येत असते, तुम्ही 'राजाला' ऐकता, आणि रेबीजची लस एकाला दोनदा व दुसऱ्याला एकदाही नाही असं होऊ शकतं. लसीकरणाच्या पुस्तिकेवर शेतावर रोज घेतलं जातं तेच नाव लिहून घ्या. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत कुत्रा आणून ठेवणार असाल तर परवाना लागतो, तिथेही तेच नाव द्या. आणि नावापुढे रंग व एखादी खूण लिहायला डॉक्टरांना सांगा: 'शेरा, तांबूस, छातीवर पांढरा पट्टा'.