राजवाड्यात, किल्ल्यात मुक्काम करताय? उन्हाळ्यातल्या या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की फोन सुरू होतात. ‘गाडी घेऊन निघतोय, वाटेत एखादा राजवाडा, एखादी हवेली सुचव ना.’ सुचवायला मला मनापासून आवडतं, कारण जुन्या वास्तूत राहण्यासारखं दुसरं सुख प्रवासात नाही. पण परत आल्यावर ऐकायला मिळतं ते वर्षानुवर्षं तेच. खोली तापली होती, रात्री जेवायला काही मिळालं नाही, गाडी दारापर्यंत गेलीच नाही, आईचे गुडघे धरले. खरं तर यातलं जवळपास सगळं घरून निघण्याआधी टाळता येतं.

नुसती रात्र काढायला राजवाडा घेणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

माझ्या भाच्याने एका उन्हाळ्यात राजस्थानचा बेत आखला होता. तीन रात्री, तीन जुन्या वास्तू आणि मधे रोज चारशे-साडेचारशे किलोमीटर. मी म्हटलं, “अरे, एकच जागा घे, तिथे नीट राहा.” तर म्हणाला, “मावशी, एवढं लांब जातोय तर सगळं कव्हर नको का करायला?” हा ‘कव्हर’ शब्द ऐकला की पुढे काय होणार ते मला कळतं.

त्याच्याबरोबर मी आणि माझी ताई, म्हणजे त्याची आई, होतो. पहिल्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोचायला रात्रीचे पावणेदहा झाले. गाडी खालच्या दरवाजापाशीच थांबली. वर जायला दगडी पायऱ्या होत्या, एकेक पायरी फूटभर उंच, मधोमध झिजलेली. उजेड म्हणजे पोऱ्याच्या हातातली बॅटरी. ताई दर वळणावर कठड्याला टेकून उभी राहत होती. वर गेलो तर मुदपाकखाना बंद झालेला. आचारी गावातला, तो घरी गेलेला. मॅनेजरने बिचाऱ्याने स्वतः खिचडी टाकली. खोलीला पितळी कडी-कोयंडा आणि वीतभर लांबीचं कुलूप. आत भिंतभर जुनी चित्रं होती, हत्तींची मिरवणूक, कोपऱ्यात आरशांचं काम. पण दिवा एकच, तोही पलंगाच्या उशाशी, त्यामुळे ती चित्रं आम्ही मोबाइलच्या उजेडात तुकड्यातुकड्याने पाहिली. सकाळी साडेसहाला भाच्याने हॉर्न दिला, पुढचा पल्ला गाठायचा होता म्हणून. निघताना म्हातारा रखवालदार सांगत होता, “दहा वाजता जनाना उघडतो, सगळा दाखवतो, थांबा की.” आम्ही थांबलो नाही. पैसे मोजले राजवाड्याचे आणि राहिलो धर्मशाळेत राहिल्यासारखे.

त्या रात्री ताईनेच पुढचा बेत मोडला. तिसरं बुकिंग रद्द करायला लावलं, दुसऱ्या ठिकाणी दोन रात्री राहिलो आणि सहलीतलं जे काही आजही आठवतं ते सगळं तिथलंच आहे.

माझा स्वतःचा शिरस्ता असा. जुन्या वास्तूत दोन रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही आणि पोचायचं दुपारी चारच्या आत. लांब पल्ल्याच्या दिवशी हायवेवरच्या साध्या हॉटेलात झोपायचं. पुण्याहून महेश्वरला जायचं तर पाचशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. एका दमात जाणारे पुष्कळ आहेत, ते पोचतात आणि आडवे होतात. मी धुळ्याला रात्र काढते. सकाळी लवकर निघून सेंधव्याचा घाट उन्हाआधी पार करायचा, खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि धामणोदला वळायचं, की ऊन चढायच्या आत महेश्वर. मग अख्खी दुपार वाड्याच्या सावलीत जाते. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं, सकाळी किल्ल्यात मागावर साडी विणली जाताना बघायची. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ जिथून कारभार केला ती जागा रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात कशी कळेल? एक रात्रच हातात असेल तर मी सरळ सांगते, जाऊ नका, पुढच्या वर्षी जा.

‘कुठली खोली?’ हे न विचारणं

लोक साइटवर फोटो बघतात, भाव बघतात आणि बटण दाबतात. आत गेल्यावर कळतं की फोटोतला झरोका जुन्या महालात आहे आणि आपली खोली मागच्या बाजूला, अलीकडे बांधलेल्या इमारतीत. यात फसवणूक असतेच असं नाही. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल म्हणजे १९५० च्या आधी बांधलेली वास्तू, पण तिच्या आवारात नंतर खोल्या वाढवायला बंदी नाही. मुंबईचं ताजच घ्या. जुना महाल १९०३ चा आणि शेजारचा टॉवर १९७० च्या दशकातला. नाव एकच, पण मुक्काम वेगळा. म्हणून फोन करा. ‘खोली जुन्या वास्तूत की नव्या, कितव्या मजल्यावर, खिडकी कुठल्या दिशेला,’ एवढं विचारायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं वाचवून दोन रात्री घालवणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

उन्हाळ्यात तर हे तीन प्रश्न म्हणजे झोपेचा प्रश्न. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत दुपारी गार लागते म्हणून लोक खूश होतात. पण पश्चिमेची भिंत आणि गच्चीची फरशी दिवसभर ऊन पीत असतात आणि ती उष्णता हळूहळू आत सरकते. रात्री अकराला बाहेर वारा सुटलेला असतो आणि तुमच्या खोलीची भिंत मात्र हाताला कोमट लागते. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, चांगला देखावा म्हणून जास्त भावाने विकली जाणारी खोली मे महिन्यात सगळ्यात वाईट. तो देखावा डिसेंबरासाठी ठेवा. तिथे राहणारे राजेलोक तरी उन्हाळ्यात वरच्या खोलीत कुठे राहत होते? ते तळमजल्यावर, चौकाच्या कडेच्या दालनात किंवा तळघरात दुपार काढत, दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारत आणि रात्री उघड्या गच्चीवर झोपत. आपणही तळमजला, उत्तरेची किंवा आतल्या चौकाकडची खोली मागावी.

एसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पंधरा-सोळा फूट उंच छताची खोली गार करायला दीड टनी एसीला वेळ लागतो, त्यात खिडक्यांच्या जुन्या फळ्यांतून हवा जात असते. मी पोचायच्या दोन तास आधी फोन करून एसी लावून ठेवायला सांगते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. गीझर आणि एसी एकदम लावू नका, जुन्या वायरिंगला ते झेपत नाही आणि अंधारात फ्यूज शोधणारा माणूस चौथ्या मजल्यावरून येईपर्यंत तुम्ही घामाघूम होता.

लग्नतिथी न बघणं

हॉटेल बुक करण्याआधी मी भिंतीवरचं कालनिर्णय काढते. हसणाऱ्यांनी हसावं. मे महिन्यात राजवाड्यांची मोठी कमाई लग्नांची असते आणि वऱ्हाड आलं की चौक, बाग, तलाव, स्वयंपाकघर सगळं त्यांचं. इतर पाहुण्यांना गच्चीवर दोन टेबलं लावून देतात आणि खाली रात्री बारापर्यंत ढोल. राजस्थानात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिकडच्या आखातीजेला, गावोगाव लग्नं असतात. तिच्या आगेमागे दोन दिवस तिकडे मुक्काम ठेवू नका. उलट ज्या वर्षी उन्हाळ्यात अधिक मास येतो त्या वर्षी निवांत जा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात मुहूर्त नसतात, म्हणजे वास्तू तुमचीच. आणि तरीही फोनवर स्पष्ट विचारायचं, ‘त्या तारखांना समारंभ आहे का?’ विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात.

गाडी दारात लागेल असं धरून चालणं

उदयपूरचं जगनिवास, म्हणजे हॉटेल झालेला राजवाडा, पिछोला तलावाच्या पाण्यात आहे, तिथे होडीनेच जावं लागतं. माथेरानला दस्तुरीच्या पुढे गाडी जात नाही, जुनी ब्रिटिश-पारशी काळातली हॉटेलं तिथून अडीच-तीन किलोमीटर आत. पणजीत फोंताइन्यासच्या गल्ल्यांत आरसे मिटून गाडी काढावी लागते. तेरेखोलच्या किल्ल्याकडे गोव्यातून निघालात तर केरीला फेरीबोट. शिरोडा-रेडीकडून आलात तर रस्ता थेट जातो, पण मॅपवर डोळे मिटून विसंबणाऱ्याला फेरीच्या रांगेत बसल्यावर हे कळतं. रात्रीपुरते कपडे, औषधं, चार्जर एका पाठपिशवीत वेगळे ठेवा आणि मोठ्या बॅगा गाडीतच राहू द्या. चाकांच्या बॅगा दगडी पायऱ्यांवर काही कामाच्या नाहीत.

घरातल्या ज्येष्ठांना गृहीत धरणं

राजस्थानातला नीमराणाचा किल्ला, आता हॉटेल झालेला, १४६४ चा, डोंगराच्या अंगावर पायरीपायरीने चढवलेला. तिथे खोलीतून जेवायला जाणं हाच एक चढ आहे. अशा जागी आई-वडिलांना नेताना ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. खोलीपासून जेवणघरापर्यंत किती पायऱ्या आणि न्हाणीघरात उंबरा केवढा, हे विचारा. जुन्या दालनाला नंतर जोडलेलं न्हाणीघर बहुतेक वेळा एक पायरी वर नाहीतर खाली असतं आणि रात्री झोपेत तिथेच पाय चुकतो. मी दाराशी छोटा बॅटरीचा दिवा ठेवते.

थोडक्यात आणखी काही

रात्रीचं जेवण दुपारी पाचच्या आत सांगून टाका. मेनूकार्डावर चाळीस पदार्थ असले तरी उन्हाळ्यात आचारी एकच असतो. त्याला ‘आज तुमच्या घरी काय केलंय’ असं विचारा, त्या प्रांतातलं खरं जेवण तेव्हाच पानात पडतं.

मे-जूनमध्ये भाव उतरलेले असतात, कारण दुरुस्त्याही तेव्हाच काढतात. तलावात पाणी आहे का, कुठला भाग बंद आहे का, हे आधी विचारा.

भिंतींना हात लावू नका, चित्रांना टेकून फोटो काढू नका. मुलांना आधी समजावून सांगा. चुन्याच्या गिलाव्यावरचा रंग एकदा पुसला गेला की तो परत कुणालाही लावता येत नाही.

ड्रायव्हरची सोय न बघणं

हे मी सगळ्यांना बजावून सांगते, कारण इथे चूक आपली आणि त्रास दुसऱ्याला होतो. भाड्याची गाडी घेऊन निघालेली मंडळी स्वतःसाठी झरोक्याची खोली बघतात आणि ड्रायव्हर कुठे झोपेल हे विचारतही नाहीत. हायवेवरच्या हॉटेलात बहुधा ड्रायव्हरसाठी एखादी डॉर्मिटरी असते. जुन्या वाड्यात, किल्ल्यात ती असेलच असं नाही आणि गावही लहान. मग तो गाडीतच झोपतो, काचा खाली करून, डासांत आणि उकाड्यात. दुसऱ्या दिवशी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तोच माणूस तुमच्या मुलाबाळांना घेऊन तीनशे किलोमीटर जाणार असतो.

बुकिंगच्या फोनवरच विचारा. त्याला पंख्याची खोली, अंघोळीची सोय आणि दोन वेळचं जेवण मिळेल का? नसेल तर गावातल्या एखाद्या लॉजचा नंबर त्यांच्याकडूनच घ्या, त्याची खोली आधी ठरवा आणि तिचे पैसे तुम्ही भरा. ट्रॅव्हल कंपनीशी बोलताना नाइट अलाउन्स खोलीभाड्यासह आहे की वेगळा, हेही निघण्याआधी त्याच्यासमोरच बोलून घ्या.