फुप्फुसाच्या कर्करोगाचे उपप्रकार एआय मॉडेलला कसे शिकवावेत
खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था ॲक्ट्रेक असल्याने नवी मुंबईतील विद्यार्थ्याला या विषयाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सुरुवात टीसीजीए (द कॅन्सर जीनोम ॲटलास) या अमेरिकी प्रकल्पाच्या, गाठीच्या ऊतींच्या खुल्या डिजिटल स्लाइडांपासून करावी. प्रथम ॲडेनोकार्सिनोमा आणि स्क्वॅमस हे या कर्करोगाचे दोन गट वेगळे करावेत, कारण पेमेट्रेक्सेड हे केमोथेरपीचे औषध पहिल्या गटात वापरतात, दुसऱ्यात नाही. स्लाइडचे ५१२ पिक्सेलचे चौकोनी तुकडे पाडावेत आणि रिकामी काच, पेनच्या खुणा व घडी पडलेला भाग वगळावा.

खरी मेख या तुकड्यांच्या प्रशिक्षण व चाचणी अशा विभागणीत आहे. एका रुग्णाचे सर्व तुकडे प्रशिक्षण किंवा चाचणी यांपैकी एकाच बाजूला ठेवावेत. वाशीतल्या माझ्या खोलीत रात्रभर चाललेल्या पहिल्या मॉडेलची अचूकता पाहून मी हरखलो होतो. सकाळी फाइलींची नावे ताडली तेव्हा तेच रुग्ण दोन्हीकडे सापडले, म्हणजे मॉडेलची परीक्षा ओळखीच्या रुग्णांवरच झाली होती.

स्लाइड रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांची छटा प्रयोगशाळेगणिक बदलते, म्हणून रंगांचे सामान्यीकरण करून अन्य केंद्राच्या स्लाइडांवरही चाचणी घ्यावी. मॉडेल गोंधळले, तर हे दोन गट ओळखणाऱ्या टीटीएफ-१ व पी४० या प्रथिनांच्या रंजकचाचण्यांचा निष्कर्ष ग्राह्य धरावा. ईजीएफआर जनुकातील उत्परिवर्तनाचा (बदलाचा) अंदाज मॉडेलने वर्तवला, तरी त्यावरचे औषध ओसिमर्टिनिब सुरू करण्यापूर्वी जनुकीय तपासणी अनिवार्यच आहे.