रस्त्यावर उभं राहून कपडे कसे बघायचे: कोकणातल्या पुरुषांसाठी

मी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात बाजारात, एसटी स्टँडवर, जेटीवर चालत्या माणसांचे फोटो काढतो, आणि पोरं सगळ्यात जास्त एकच विचारतात, दादा काय घेऊ म्हणजे भारी दिसेन. काय घेऊ हे नंतर बघू. माणूस लांबून येत असतो तेव्हा मला ब्रँड दिसत नाही, कापडावरची डिझाईन पण दिसत नाही, दिसतो तो फक्त आकार, म्हणजे खांदे कुठे संपतात, शर्ट कुठे संपतो, पँट बुटावर किती गोळा झालीय. हे तीन जमले असतील तर साध्या पांढऱ्या शर्टातला माणूस पण मी थांबवून फोटो मागतो.

तर पहिलं काम हे करा. घरातला आरसा जरा बाजूला ठेवा, कारण आरशासमोर आपण श्वास ओढून ताठ उभे राहतो आणि रस्त्यावर तसं कोणी चालत नाही. मित्राला 15-20 फूट लांब उभं करा, मोबाईल त्याच्या पोटाच्या उंचीला धरायला सांगा, 2एक्स झूम लावायला सांगा (जवळनं साध्या लेन्सने काढला की डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, मग उगाच पँटला नावं ठेवली जातात) आणि तुम्ही नेहमीसारखं चालत या, बटण दाबून ठेवून दहाबारा फोटो निघू देत. वेळ सकाळी 9 च्या आत नाहीतर संध्याकाळी 5 नंतरची, दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळं येतं. मग ते फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, रंग गेला की आकार उघडा पडतो.

आता खांदा. शर्टाची खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, हाताकडे उतरली तर माणसाचे खांदे पडलेले दिसतात आणि गळ्याकडे आली तर हात वर केल्यावर काखेत ओढतं. रेडिमेड शर्टात लोक पोट बघून साईज घेतात आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण पोटाचा घेर टेलर कमी करून देतो, बाही आखूड करून देतो, पण खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवून परत लावायची, ते करायला बरेच टेलर तयार होत नाहीत आणि केलं तरी क्वचितच नीट बसतं. म्हणून घेताना खांदा बघून घ्या, बाकीचं कमी करता येतं. बाहेर सोडायचा शर्ट मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत यावा, त्याच्या खाली गेला की पाय आखूड दिसतात, आपल्याकडे मध्यम उंचीची माणसं जास्त, त्यांना हा एक इंच फार महागात पडतो.

आणि कापड, यावर मी कितीही बोलू शकतो. कोकणातली हवा दमट, घाम उडून जात नाही, अंगावरच राहतो, आणि पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही त्यामुळे पाठीला चिकटतं आणि फोटोत पाठीचा नकाशा दिसतो. सुती आणि लिनन घाम ओढून घेतात, त्यात लिनन लवकर वाळतं. लिननला सुरकुत्या पडतात म्हणून लोक टाळतात, पण त्या सुरकुत्या सकाळच्या तिरप्या उजेडात इतक्या सुंदर दिसतात की मी तर इस्त्री केलेल्या कडक शर्टापेक्षा दोन तास घातलेलं लिनन आधी टिपतो. लिननवर 40 ली, 60 ली असं लिहिलेलं असतं, आकडा मोठा तेवढं सूत बारीक, शर्टाला 60 ली घ्या. 58 इंच पन्ह्याचं कापड असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण 1.60 मीटर लागतं, अंगाने भरलेले असाल तर थोडं जास्त घ्या. टेलरकडे द्यायच्या आधी ते कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, सुती आणि लिनन पहिल्या धुण्यात आटतं आणि मग मापात शिवलेला शर्ट तोकडा होतो.

इटलीत फ्लॉरेन्सला पिट्टी उओमो नावाचं पुरुषांच्या कपड्यांचं मोठं प्रदर्शन 1972 पासून भरतं, जानेवारीत आणि जूनमध्ये, तिथे बाहेर उभ्या असलेल्या लोकांचे फोटो आपली पोरं सेव्ह करतात आणि मे महिन्यात कणकवलीच्या लग्नाला थ्रीपीस शिवतात. त्या फोटोंतनं कोट उचलू नका, कोटाची कॉलर मानेला कशी टेकलीय ते बघा, पँट कमरेवर किती वर बसलीय ते बघा. लग्नाला जॅकेट हवंच असेल तर लिननचं किंवा सुती बंदगळा शिवा आणि टेलरला अस्तर अर्धंच लावायला सांगा, कारण अस्तर बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं, वरनं लिनन आणि आतनं ते असेल तर लिननचा उपयोग काय.

रंग निवडताना आपण कुठे उभे राहणार ते बघा. आपल्याकडे भिंती जांभ्याच्या, रस्त्याकडेची माती लाल, त्यामुळे मरून, विटकरी, चॉकलेटी शर्ट घातलेला माणूस मागच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, विरून जातो. त्याच गडग्यासमोर निळा, अगदी गडद निळीचा, काय उठून दिसतो! पावसात सगळीकडे हिरवं, तेव्हा ऑलिव्ह टाळा, मोहरीसारखा पिवळा किंवा फिकट निळा घाला. समुद्रावर कडक पांढऱ्यापेक्षा दुधी चांगला, कडक पांढरा उन्हातल्या फोटोत नुसता पांढराफटक येतो आणि शर्टावरचा तपशील निघून जातो.

शिकायचंच असेल तर रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासेमारी जेटीवर सकाळी जा, तिथली माणसं लुंगी गुडघ्याच्या वर दुमडतात ती कामासाठी, पण पाय मोकळे, वरचा शर्ट आखूड, बाही कोपराच्या वर घट्ट गुंडाळलेली, हे प्रमाण कुठला डिझायनर सांगेल? आमच्याकडचे म्हातारे सदरा-लेंगा-टोपी घालतात तेही बघा. वरपासून खालपर्यंत एकच रंग असल्यामुळे बुटका माणूस उंच दिसतो. तुम्हाला तेच करायचं असेल तर निळा शर्ट आणि निळीच पँट, एक छटा इकडेतिकडे.

न्यूयॉर्कचा बिल कनिंगहॅम, स्ट्रीट फोटोग्राफीतला माझ्यासाठी सगळ्यात मोठा माणूस, 2016 साली गेला, जगातले सगळ्यात महाग कपडे त्याच्या कॅमेऱ्यासमोरनं गेले आणि तो स्वतः सायकलवर, फ्रान्समधले कामगार घालतात तसल्या निळ्या जॅकेटात, कारण त्याला मोठे खिसे होते आणि कॅमेऱ्याच्या घर्षणाने ते फाटलं तरी स्वस्तात दुसरं मिळायचं. पावसाचा पोंचो फाटला तर काळी टेप लावून वापरायचा. कामातनं आलेला कपडा अंगावर खोटा वाटत नाही, हे मला त्याच्याकडे बघून पटलं.

पँटबद्दल थोडक्यात. बॉटम, म्हणजे पायाशी पँटचा घेर, 15-16 इंच ठेवा, चिकट नको, कमरेला वर बसवा, पुढे एक चुणी असेल तर बसायला-उठायला, होडीत चढायला सोपं. लांबी बुटाला जेमतेम टेकेल इतकी. चपलांवर घालणार असाल तर अर्धा इंच अजून आखूड करा, नाहीतर लाल चिखलाचे डाग पडतात, ते धुऊन गेले तर गेले.

पावसाळ्यात कोल्हापुरी कपाटात ठेवा, कातडं भिजलं की फुगतं आणि बुरशी धरतं, पण बंद डब्यात नको, कागद भरून हवेशीर जागी. जून ते सप्टेंबर रबरी सँडल, त्यात लाज कसली. घड्याळ, गॉगल, चेन यातलं एकच काहीतरी.

गणपतीत कपडे घालायचे असतील तर कापड आषाढातच टेलरकडे टाका, नंतर चाकरमान्यांची गर्दी होते आणि ट्रायल घ्यायला कोणाला वेळ नसतो. ट्रायलला नुसते उभे राहू नका, खाली मांडी घालून बसा, आरतीला उभे राहतो तसे दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवा, शर्ट कमरेतनं वर आला तर लांबी वाढवायला सांगा, काख ओढली तर तिथेच टाचणी लावून घ्या.