ऑफर लेटरमधला पीएफ: सीटीसीतून हातात किती येतं?

वर्षाला ६ लाखांचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला ५०,००० रुपये हातात, असं धरून घर भाड्याने घेऊ नका. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, या रकमेतून दोनदा जातो. कंपनीचा हिस्सा ग्रॉस (कपातीआधीचा) पगार ठरण्याआधीच बाजूला निघतो, आणि तुमचा हिस्सा ग्रॉसमधून कापला जातो.

सगळ्यात आधी बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती ते बघा. पीएफ सीटीसीवर नाही, तर बेसिक आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर निघतो. दर साधारणपणे दोघांचाही १२ टक्के. घरभाडे भत्ता, बोनस, ओव्हरटाइम त्यात येत नाहीत. मात्र सगळ्यांना सरसकट मिळणारा ‘स्पेशल अलाउन्स’ पीएफसाठी धरलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्यामुळे बेसिक अगदी तुटपुंजं आणि स्पेशल अलाउन्स भला मोठा दिसला, तर एचआरला विचाराच.

आता हिशोब मांडू. बेसिक २५,००० असेल तर कंपनीचा पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद साधारण १,२०२. ५०,००० मधून हे वजा केलं की ग्रॉस उरतो ४५,७९८. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला की इन-हँड ४२,५९८, आयकर धरण्याआधी. काही कंपन्या पीएफचा प्रशासकीय खर्च आणि विम्याचा हप्ताही सीटीसीत घालतात; तोही कमी करा.

कायद्याने १५,००० च्या वरच्या वेतनावर पीएफ भरणं कंपनीला सक्तीचं नाही. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली. कंपनीने तिथेच हात आखडला तर दोघांचे १,८००-१,८०० जातात. वरच्या उदाहरणात फरकाची रक्कम पगारात वळवली, तर इन-हँड २,४०० ने वाढतो आणि पीएफ खात्यात दरमहा तेवढेच कमी जमा होतात. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता डोक्यावर नसेल, तर आमच्या मते पूर्ण बेसिकवरचा पीएफच मागावा. तुमचा हिस्सा स्वेच्छेने वाढवता येतो, पण कंपनी तिचा वाढवायला बांधील नसते.

पीएफ खात्याच्या पासबुकात कंपनीचे ३,००० पूर्ण दिसत नाहीत म्हणून बरेच जण घाबरतात. पेन्शन योजनेच्या सभासदाचे त्यातले १,२५० (१५,००० चे ८.३३ टक्के) पेन्शनकडे वळतात, उरलेले १,७५० पीएफमध्ये येतात. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्या आणि तेव्हाच बेसिक १५,००० च्या वर असलेल्यांना पेन्शन योजना लागू नाही. त्यांचे पूर्ण ३,००० पीएफमध्येच हवेत. इथली चूक निस्तरायला पुढे फार त्रास होतो, म्हणून पहिल्याच महिन्यात तपासा.

पगाराच्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात पीएफ एकदाच हवा. सीटीसीत कंपनीचा हिस्सा दाखवणं ही पगाराची मांडणी झाली. ठरलेल्या ग्रॉसमधून तो कापून घेणं बेकायदेशीर आहे.

कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. त्यानंतर यूएएनने (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाने) लॉग-इन करून पासबुक बघा. एक-दोन महिने नोंदच नसेल तर आधी एचआरला ईमेलने लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर स्लिपा जोडून ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) तक्रार पोर्टलवर नोंद करा.