गर्भाशयमुखाचा कर्करोग : तपासणी आणि लस वेळेवर कशी घ्यावी

जगात 2022 मध्ये सुमारे 6 लाख 60 हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. ऑस्ट्रेलियाने 2007 पासून शाळकरी मुलींना हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस दिली आणि तपासणीची सवय टिकवली, म्हणून तेथील प्रमाण सतत घटत आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक रुग्ण उशिरा येतात, आणि हेच मनाला सर्वाधिक टोचते.

वय 30 ओलांडलेल्या स्त्रीने त्रास नसतानाही तपासणीस जावे, कारण विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत साधारणतः 15 ते 20 वर्षे जातात आणि या काळात सापडलेला दोष सहज दूर करता येतो. नागपुरात डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करावी. पाळीचे दिवस टाळावेत. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध व योनीमार्गातील औषधे वर्ज्य करावीत. व्हीआयए तपासणीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. डाग दिसला म्हणजे कर्करोगच, असे समजून घाबरू नये; पण पुढची कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने तपासणी, टाळू नये. दोष नसल्यास पाच वर्षांनी पुन्हा तपासावे. एचआयव्हीबाधित स्त्रियांनी 25 व्या वर्षापासून, अधिक वेळा तपासणी करावी.

मुलींना 9 ते 14 या वयात लस द्यावी. लस घेतलेल्यांनीही पुढे तपासणी करावीच. संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेल्यास मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.